पहिल्या वेचणीचे पाच दगड

कोजागिरीनंतरचा सोमवार. फिल्टर बसवायचा म्हणून सकाळपासून गच्चीवरची टाकी घासतेय. प्लंबरने आणलेल्या पोत्यावर खनिजाचं नाव छापलंय, झिओलाइट. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका फिर्यादीत. ते प्रकरण अजून जसंच्या तसं लक्षात आहे.

तेव्हा भोकरदनकडच्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते. हद्दीतल्या एका गावाच्या गायरानात एक नवी खाण कंपनी उतरली होती. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे-गुलाबी खडे सापडतात, त्यांचा शोध चालला होता. कंपनीची माणसं तरुण, हुशार. ठिकठिकाणी भोकं पाडली की ड्रिलच्या नळीतून दगडाचा गोल दांडा निघतो. त्याचे तुकडे पत्र्याच्या पेट्यांत ओळीने लावून ठेवायचे. शोध संपला, आता उत्पादन सुरू करायचं, असं कंपनीने जाहीर केलं होतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता आणि गावातली एक बाई अडून बसली होती. तिच्या म्हशी त्याच गायरानात चरायच्या. तिचं म्हणणं एकच, भोकांतून काय निघालं ते आधी सभेत दाखवा, मग जमीन मागा.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीचा सुपरवायझर ठाण्यात आला. एका भोकाची अख्खी पेटी चोरीला गेली, संशय त्या बाईवर. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली. थोड्या वेळाने निनावी फोन आला की माल तिच्याच शेतात आहे. पाठोपाठ वरिष्ठांचा फोन, बाईला उचला. खबर आणि साहेब एकाच दिशेने इतक्या घाईत आले की मी सावध होते.

महिला शिपाई बरोबर घेऊन मी शेतावर गेले. कापसाची पहिली वेचणी चालली होती. पहिल्या वेचणीला शेतात पाच दगड मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. दगड आपल्याच बांधावरचे घ्यायचे. बाईने मांडलेले पाचही दगड मुसळासारखे गोल, एका जाडीचे होते. शिपाई बाईने माझ्याकडे पाहिलं. मुद्देमाल उघड्यावर बसून दहीभात खात होता.

कुठून आणले, मी विचारलं.

"बांधावरून. पळसाखाली ढीग हाय न्हाई का, त्यातून. औंदा देवानंच घडवून पाठवले म्हणलं."

बाकीचे तुकडे तिने ओलीवर कापूस डागू नये म्हणून गंजीखाली अंथरले होते. फिर्यादीचं सांगितल्यावर ती घाबरली नाही, चिडली.

"म्याडम, चोरी केली असती तर कुंकू लावून तुमच्या गाडीच्या वाटंवर मांडली असती का? मी म्हशी राखते, पर म्हशीएवढी खुळी न्हाई."

बरोबर होतं. चोर माल लपवतो, त्याला नैवेद्य दाखवत नाही. पण एवढ्यावर न्यायालयात भागत नाही. टाकणारा सापडायला हवा होता. पूजेवर टोपलं झाकून ठेव आणि कुणाशी बोलू नको, असं तिला सांगून मी निघाले.

दुपारी दोन पंच आणि सुपरवायझरला घेऊन परत गेले. माल ओळखायला फिर्यादी लागतो, असं त्याला सांगितलं होतं. निनावी फोनवाल्याने फक्त शेत सांगितलं होतं, जागा नाही. कुठून सुरुवात करायची, असं मी मुद्दाम त्यालाच विचारलं. गडी कापसातून तिरका चालत सरळ पळसाखाली गेला आणि ढीग उपसू लागला. वरचे दगड काढले, खालचे काढले. शर्ट भिजला.

"असं कसं? इथंच तर..." आणि तो थांबला.

"इथंच तर काय?"

"इथं असतील असं वाटलं, मॅडम."

"एवढ्या मोठ्या शेतात?"

दोन्ही पंचांनी ऐकलं. मग मी टोपलं उचललं.

दगड हलवायला बाईने साफ नकार दिला. वेचणी संपेपर्यंत देव हलत नाही. शेवटी तिनेच बांधावरचे दुसरे पाच दगड आणून शेजारी मांडले, त्यांना कुंकू लावलं आणि जुने माझ्या स्वाधीन केले. पंचनाम्यात मी "हळदकुंकू लावलेले" असंच लिहिलं आणि कुणाला ते धुवू दिले नाहीत.

ठाण्यात सुपरवायझरवर कुणी आवाजही चढवला नाही. चहा दिला आणि गप्प बसले. शिकलेल्या माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही. तो बोलला. त्या भोकात वरचा थर सोडला तर खाली नुसता कोरा काळा दगड निघाला होता. ती पेटी सभेत उघडली असती तर उत्पादनाची सगळी घोषणा उघडी पडली असती. पेटी गेली आणि विरोध करणारी कोठडीत बसली, की दोन्ही कामं झाली. पेटीतले तुकडे त्यानेच पळसाखालच्या ढिगात मिसळले होते, निनावी फोनही त्याचाच. पोलीस येईपर्यंत दगडांत दगड कुणाला दिसणार, असं त्याला वाटलं होतं. पूजेचे दगड बांधावरून उचलतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी वरिष्ठांचा पुन्हा फोन. माल तिच्याच शेतात मिळाला ना, मग चौकशीला आणून बसवा, सभा झाली की सोडा.

"सूर्य मावळलाय, सर. बाईला आता ठाण्यात आणायचं तर लेखी आदेश पाठवा."

"तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

"करतेच आहे, सर."

तो फोनही मी स्टेशन डायरीत नोंदवला. लेखी आदेश आला नाही. पुढे आली ती बदली, आणि माझं सामान एका टेम्पोत मावलं. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की चुकीचा हुकूम तोंडीच येतो. कागद मागायचा, आणि मागताना आवाज खाली ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्ताला मी स्वतः गेले. पेटी चोरीला गेल्यामुळे दाखवता येत नाही, असं कंपनीचे लोक सभेला सांगत होते. मी उठून सांगितलं, पेटीतले तुकडे मिळाले आहेत, मुद्देमाल म्हणून ठाण्यात आहेत, न्यायालयाने परवानगी दिली की तुम्हाला बघता येईल. ठराव आज घ्यायचा की ते तुकडे बघून, हे सभेने ठरवावं. मग खुर्ची ओढून दारात बसले. ती बाई बोलायला उभी राहिली, आणि ती बोलून खाली बसेपर्यंत मी दारातून हलले नाही.