हात माकडावर उगारला होता

आमच्या मल्लखांबाच्या क्लबात मी अठरा वर्षं शिकवते आहे, आणि त्यातली सतरा वर्षं माझी चापट प्रसिद्ध होती. काशीला संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत एक धर्मशाळा आहे. तिच्या मागच्या अंगणात आमचा खांब रोवलेला आहे. संध्याकाळी पाच वाजता तिथे पंचवीस-तीस मुलंमुली जमतात, निम्मी मराठी घरांतली, निम्मी आजूबाजूच्या गल्ल्यांतली. मराठी मुलं मला मावशी म्हणतात, बाकीची मौसी. रेल्वेतल्या कारकुनीत आयुष्य गेलं, पण तिथे मला कुणी एवढं घाबरत नव्हतं.

चापट कशासाठी, तर पायांसाठी. मल्लखांबात अढी म्हणून एक प्रकार असतो. खांबाला पायांची मिठी मारायची, डोकं खाली सोडायचं आणि दोन्ही हात मोकळे करायचे. सगळं शरीर तोललेलं असतं ते पायांवर. खांबाला एरंडेल चोपडलेलं, त्यामुळे पाय जरा सैल पडले की घसरलंच. मुलं उलटी झाली की त्यांना हातांचं कौतुक फार, पायांची आठवण राहत नाही. मग मी पोटरीवर एक ठेवून द्यायची. पाय ताठ, अंगठे ताणलेले, चित्र झकास. पालक कठड्यावर बसून हे बघायचे आणि खूश व्हायचे. "मौसी, दो और लगाइए, घर पर तो सुनती ही नहीं," असं एक आई नेहमी म्हणायची. मीही दिलदार. मागेल त्याला द्यायची.

हे मी शिकले आमच्या गुरुजींकडून. त्यांच्या खांद्यावर ओला पंचा असायचा आणि तो सटकन पायावर बसायचा. त्या पंच्याच्या गोष्टी मी चाळीस वर्षं हसत हसत सांगत आले. लोकही पोट धरून हसत, कारण मी नक्कल चांगली करते.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी होती. लहान असताना वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे नागपूरहून इथे आली होती, आता तिचं मराठी आमच्या सगळ्यांसारखंच हिंदीत भिजलेलं. बारीक, काटक आणि खांबावर अशी चढायची की बघणाऱ्याचा चहा हातात थंड व्हावा. माझ्या अठरा वर्षांतली सगळ्यात चांगली मुलगी. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पोरं शेफारतात, असं माझं ठाम मत होतं.

एका संध्याकाळी ती खांबावर अढी मारून उलटी लटकली होती. पाय उत्तम होते, मला काही करायचंच नव्हतं. तेवढ्यात भिंतीवरून एक माकड उतरलं. सराव संपल्यावर आम्ही मुलांना भिजवलेले चणे देतो, त्या पातेल्याकडे ते निघालं होतं. मी "हट!" म्हणून त्याच्यावर हात उगारला. माकडाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण खांबावरच्या मुलीने पाहिलं. तिने झटकन दोन्ही पाय आखडून घेतले आणि ती धप्पकन खाली गादीवर आली.

मनगट मुरगळलं. गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, तीन आठवडे विश्रांती सांगितली, आणि मोडलं नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी देवीला हात जोडले.

मग माकडाची चौकशी सुरू झाली. पालक एकदम तावातावाने बोलू लागले. कुणी म्हणालं जाळी लावा. कुणी म्हणालं पाळलेलं लंगूर आणू, त्याला माकडं घाबरतात, आमच्या ओळखीत एक माणूस आहे. एका वडिलांनी दुसऱ्याच दिवशी लंगुराचं एक पुरुषभर उंच चित्र आणून भिंतीला बांधलं. माकडं त्याच्या डोक्यावर बसून उवा बघू लागली. मी या सगळ्यात हिरिरीने भाग घेत होते. "त्या माकडानेच घात केला," असं मी आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं, भाजीवाल्यालासुद्धा.

पण घरी भाकरी थापताना माझा हात वर गेला की मला ते पाय दिसायचे. ती दचकली कशाला? तर माझ्या हाताला. माकड तर तिला दिसलंच नव्हतं. ज्या पायांवर ती तोललेली होती तेच तिने मारापासून वाचवायला आखडून घेतले. पाय घट्ट राहावेत म्हणून मी इतकी वर्षं मारत होते, आणि पाय सुटले ते माझ्यामुळे. हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. कबूल करायला नको म्हणून मी माकडाला धरून बसले होते.

पट्टी निघाल्यावर ती मुलगी परत आली. सगळ्यांच्या आधी, पावणेपाचला. मी खांबाला तेल लावत होते. ती जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, एक काम आहे. मी अढी मारते, मग तुम्ही हात उगारा."

"कशाला गं?"

"प्रॅक्टिस पाहिजे. घरी मी पलंगावरून उलटी लटकते आणि छोटा भैय्या रोज वीस वेळा हात उगारतो. पहले मी पाय ओढून घ्यायची. आता डोळे पण नाही मिटत. पण तो छोटा आहे ना, त्याच्या हाताचा डर नाही लागत. तुमचाच हात पाहिजे."

तिने हे अगदी गंभीरपणे सांगितलं. एखादी उडी जमत नाही, ती पुन्हा दाखवा, असं मुलं म्हणतात ना, त्याच सुरात. आपल्यात एक खोट आहे आणि ती मेहनतीने घालवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मी तेलाच्या हातांनी तशीच गादीवर बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिच्याकडे बघवेना.

"चूक तुझी नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."

"पण बंदर..."

"माकडाचीही नव्हती. मी तुला मारत आले, म्हणून तू दचकलीस. कुणीही दचकेल. त्याची प्रॅक्टिस करायची नसते, बाळा."

"म्हणजे भैय्याला सांगू, आता नको?"

"आजच सांग," मी म्हटलं.

त्या रविवारी मी पालकांना बोलावलं आणि माकडाला निर्दोष सोडलं. आजपासून इथे कुणी कुणाला चापट मारणार नाही, मी नाही आणि माझ्या हाताखाली शिकवणाऱ्या दोन्ही मोठ्या मुलीही नाहीत, असं सांगितलं. त्या दोघींनी माझी चापट हुबेहूब उचलली होती, आणि मला आजवर त्याचा अभिमान वाटत होता. मला वाटलं होतं पालक मला बोलतील. झालं भलतंच. ते चापटीच्या बाजूने उभे राहिले.

"मौसी, फिर बच्चे डरेंगे किससे?" साड्यांचं दुकान असलेले एक वडील काळजीने म्हणाले.

"खंभे से," मी म्हटलं. "उतना डर काफी है."

आमचे अध्यक्ष म्हणजे विद्यापीठातून निवृत्त झालेले संस्कृतचे प्राध्यापक. ते म्हणाले, "अहो, आपण सगळे मार खाऊनच घडलो की!" हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा वापरलं होतं की मला ते माझंच वाटायचं. मग मी त्यांना ओल्या पंच्याची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी नक्कल न करता. गुरुजी जवळ आले की मी खांब इतका आवळायची की मांडीची साल निघायची, आणि आई रात्री तिथे हळद लावायची. हा भाग मी चाळीस वर्षं गाळत आले होते. बैठकीत कुणी हसलं नाही. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बरं, करून बघू."

पण मल्लखांब शिकवायचा तर मुलाला हात लावावाच लागतो. पडताना सावरायचं असतं, पाठीला आधार द्यायचा असतो. मग असं ठरलं की आधी तळहात पुढे धरून दाखवायचा आणि विचारायचं, "हात?" मूल हो म्हणालं तर लावायचा. नको म्हणालं तर जवळ उभं राहायचं आणि गादी नीट सरकवायची.

पहिले पंधरा दिवस नुसता सावळा गोंधळ. पोरांना अधिकार मिळाला आणि ती राजासारखी वागू लागली. एक मुलगा मजेत "नको" म्हणायचा, मुद्दाम गादीवर पडायचा आणि लोळून हसायचा. एक सात वर्षांची चिमुरडी आधी विचारायची, "मौसी, हाथ धोया है?" आणि माझा खरा प्रश्न वेगळाच होता. कुणाचा पाय सैल दिसला की माझा हात आपोआप उचलला जायचा. शेवटी मी एरंडेलाची पितळी वाटी दोन्ही हातांत धरून उभी राहू लागले. वाटी भरलेली असली की हात हलवता येत नाही. गल्लीतले लोक म्हणू लागले, मौसींनी काही नवस बोललाय.

ती मुलगी रोज यायची. पण तिचं वर जाणं बंद झालं होतं. पूर्वी खांबाच्या टोकापर्यंत चढणारी पोर आता कमरेएवढ्या उंचीवर अढी मारायची, हात जमिनीला टेकतील इतपत, आणि उतरायची. मी रोज वाटी खाली ठेवून विचारायची, "हात?" ती रोज नम्रपणे म्हणायची, "नको, मावशी." मग मी वाटी उचलायची. आषाढ गेला, श्रावण गेला. तिने खांब सोडून दिला तर ते माझं पाप, हे मला पक्कं ठाऊक होतं. विचारणं मी एक दिवसही चुकवलं नाही.

गणपतीत आमच्या अंगणात मुलांची प्रात्यक्षिकं होतात. सगळी मराठी घरं जमतात, भोसले घाटापासून अमृतराव घाटापर्यंतची, आणि गल्लीतले बाकीचे लोकही. कुणी काय करायचं ते या वेळी मुलांनीच ठरवायचं, असं मी सांगितलं होतं. तिने आपलं नाव दिलं तेव्हा मला वाटलं, खालच्या खाली काहीतरी करेल. मी ठेवणीतली पैठणी नेसून, हातात वाटी घेऊन खांबाशेजारी उभी राहिले.

ती आली, नमस्कार केला आणि चढू लागली. कमरेची उंची गेली, माझ्या डोक्याची गेली, ती खांबाच्या वरच्या टोकाशी पोहोचली. तिथे तिने अढी मारली, डोकं खाली सोडलं आणि हात मोकळे केले.

आणि नेमकं तेव्हाच भिंतीवरच्या लंगुराच्या चित्रामागून ते माकड उतरलं. या वेळी खिरापतीच्या परातीकडे. "हट! हट!" करत सगळं अंगण उठलं. पन्नास-साठ हात एकदम उगारले गेले, साड्यांच्या दुकानाचे, बँकेचे, अध्यक्षांचे संस्कृत हातसुद्धा. मी वर पाहिलं. ती उलटी लटकून त्या सगळ्या हातांकडे बघत होती. मग तिची नजर फिरली आणि माझ्या हातांवर येऊन थांबली. ते दोन्ही वाटीवर होते.

"मावशी," ती वरून म्हणाली, "हात!"

वाटी कुठे पडली ते मला कळलं नाही. एरंडेल सगळं पैठणीवर सांडलं, आणि ते आजवर निघालेलं नाही. मी तळहात उंच धरला, तिला दिसेल असा, आणि तिच्या पाठीला टेकवला. तिथे तिची धडधड लागत होती. माकड परातीतलं खोबरं घेऊन भिंतीवर जाऊन बसलं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिच्या पायांकडे पाहिलं. ते खांबाला घट्ट होते, आणि अंगठे अगदी टोकापर्यंत ताणलेले होते.