हवालदाराची माशांची पुस्तकं

मळीवाडीत गळ टाकायचा नाद असलेली पाच-सहा माणसं होती, पण गळ म्हटलं की नाव निघायचं ते केरबाचंच. आष्ट्याच्या बाजारात कुणी अनोळखी भेटला आणि केरबानं गावाचं नाव सांगितलं, की तो हमखास म्हणायचा, "म्हंजे त्या गळवाल्या केरबाचं गाव की." मग केरबा खाली मान घालून तंबाखू मळत राहायचा, आणि घरी पोचेपर्यंत तेच वाक्य मनात घोळवायचा.

तसा तो काही त्याचा धंदा नव्हता. कृष्णेच्या काठाला अडीच एकर मळीची जमीन, तिच्यात ऊस. थोरला मुलगा साखर कारखान्यावर कामाला. भोई लोक जाळी टाकत, त्यावर पोट भरत. केरबा मात्र कामातून सवड मिळाली की एक काठी, एक दोरी आणि गांडुळांचा डबा घेऊन डोहावर जाऊन बसायचा. बायको हरणाबाई माळकरी. मासा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. त्यामुळं अंगणातल्या लिंबाखाली तीन दगड मांडून केरबा स्वतःच कालवण करायचा, आणि ते खायला जोतीराम यायचा.

हा जोतीराम त्याचा बावीस वर्षांचा सोबती. त्याच्या गळाला फारसं काही लागत नसे. तो यायचा केरबाला बघायला. पाण्यावर तरंगणारं मोराच्या पिसाचं दांडकं कसं हललं, केरबानं दम कसा धरला, झटका कुठल्या क्षणाला दिला, हे सगळं तो संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर रंगवून सांगायचा. केरबाचं अर्धं नाव त्याच्या हातानं झालं होतं आणि अर्धं जोतीरामच्या तोंडानं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्याच्या पुढच्या साली मानसिंग पेन्शनीवर गावी आला. वीस वर्षं पलटणीत काढून हवालदार झालेला गडी. येताना त्यानं दोन ट्रंका आणल्या आणि एक लाकडी पेटी. पेटीत चाळीस-पन्नास इंग्रजी मासिकं होती, सगळी मासे धरण्यावरची. त्याच्या कर्नल साहेबाला गळाचा नाद होता. सुट्टी मिळाली की साहेब मानसिंगला बरोबर घेऊन उत्तरेकडच्या नद्यांवर जायचा. साहेबाच्या सोबतीनं राहून मानसिंग इंग्रजी वाचायला शिकला होता. साहेब नोकरी संपवून गेला तेव्हा ती पेटी त्यानं मानसिंगला दिली, आणि वर्षाच्या आत साहेब वारल्याचं पत्र आलं.

मानसिंगनं एके दिवशी कट्ट्यावर एक मासिक उघडलं. गुळगुळीत कागद, त्यावर माणसाच्या मांडीएवढ्या माशांची चित्रं. माणसं गोळा झाली. तो एक ओळ इंग्रजीत वाचायचा आणि तिचं मराठी करून सांगायचा. थंड पाण्यात मासा कुठं दबा धरतो, वारा फिरला की काय करतो, गळ अंगठ्याच्या नखावर घासून धार कशी बघायची. लोक मान डोलवत होते. केरबा समोरच्या पानपट्टीपाशी उभा होता. यातली एक गोष्ट त्याला नवी नव्हती. नखावर धार बघायचं त्यानं स्वतः जोतीरामला शिकवलं होतं, वीस वर्षांमागं. आणि तोच जोतीराम सगळ्यात पुढं बसून म्हणत होता, "लय डोस्कं लावलंय गड्या त्या लोकांनी."

केरबानं लावून घेतलेलं पान न खाताच पानपट्टीवर ठेवलं. तो तसाच घरी गेला.

त्यानंतर कट्ट्यावरची बैठक बदलली. संध्याकाळी केरबाच्या माशाची गोष्ट ऐकायची सोडून लोक मानसिंगचं मासिक ऐकायला बसू लागले. केरबा लांबून बघायचा आणि कोण कोण बसलंय ते मनात धरून ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पुस्तक वाचून मासा गावत आस्ता, तर मास्तर लोकांनी नदी कवाच रिकामी केली आस्ती." लोक हसायचे आणि पुन्हा मानसिंगकडं वळायचे.

मानसिंग माणूस सरळ होता. तो आपणहून केरबाकडं आला. "आण्णा, मी डोंगरातल्या नद्यांवर शिकलो. ह्या पाण्यातलं मला काय कळत न्हाई. मरळ कुठं लागंल सांगा की."

केरबानं त्याला बंधाऱ्याच्या खालचा उथळ खडक दाखवला. तिथं मरळ कधी फिरकत नसे. मानसिंग चार दिवस उन्हात तिथं बसला, आणि ते चार दिवस केरबाला जेवण गोड लागलं. पाचव्या दिवशी त्याच खडकाच्या कपारीत मानसिंगला हातभर वाम लागली. जोतीरामनं ती उचलून गावातून मिरवली. केरबा त्या दिवशी उसाला पाणी पाजायचं निमित्त काढून अंधार पडेपर्यंत रानातच राहिला.

चैत्र संपता संपता जोतीरामनं मानसिंगकडून एक मासिक घरी न्यायला मागून घेतलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, नुसती चित्रं बघायची होती. मानसिंगनं बजावलं, "ह्यात साहेबाच्या हाताचं पेन्सिलीनं लिवलंय. जपून वापर." दुपारी जोतीराम ते पिशवीत घालून डोहावर आला. बऱ्याच दिवसांनी तो केरबाशेजारी बसला होता, पण बोलत होता तो मासिकाबद्दलच. बोलता बोलता बाभळीच्या सावलीत त्याचा डोळा लागला.

पिशवी केरबाच्या हाताशी होती. त्यानं पाण्याकडं बघितलं, झोपलेल्या जोतीरामकडं बघितलं, आणि मासिक काढून सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं. मग काठीला दोरी गुंडाळून तो निघून गेला.

चोरलं खरं, पण वाचणार कोण? केरबाची मराठी शाळाच चौथीत सुटलेली. घरात इंग्रजी शिकलेलं माणूस एकच, त्याची सून विजयमाला. तासगावची, मॅट्रिक झालेली. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी पोर. केरबा दोन दिवस घुटमळला. तिसऱ्या दिवशी दुपारी हरणाबाई उसात भांगलायला गेल्यावर तो माजघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "पोरी, एक काम हाय. ह्यात काय लिवलंय तेवढं सांगशील?"

विजयमालानं मासिक हातात घेऊन चाळलं. "अवघड हाय मामंजी. पन माझ्या ट्रंकंत कोश हाय. बघते."

त्या दिवसापासून रोज दुपारी ती उंबऱ्याच्या आत बसायची आणि केरबा बाहेर पायरीवर. एकेक शब्द कोशात शोधत ती वाचायची. पहिल्याच दुपारी केरबाला बरं वाटलं. सगळं त्याला ठाऊक असलेलंच होतं. बोलण्यानं मासा बुजत नाही, काठावरच्या पावलांनी बुजतो, हे सांगायला तिकडच्या माणसानं दोन पानं खर्ची घातली होती. "हे तर माज्या बाऽनं मला एका वाक्यात सांगितलं हुतं," केरबा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं वाचलं की भर दुपारच्या उन्हात गळ टाकणं म्हणजे वेळ घालवणं.

"खोटं हाय," केरबा म्हणाला. "मरळ शेवाळाखाली दुपारचीच लागती. लिव तिथं."

"कुठं?"

"त्या कडंला. पेन्सिलीनं काय काय लिवलंय न्हवं? त्याच्या खालीच लिव. म्हनावं, हे खोटं हाय."

विजयमाला हसली आणि तिनं लिहिलं. मग ते रोजचंच झालं. ती वाचायची, केरबा वाद घालायचा आणि ती समासात लिहायची. कुठं 'बरोबर', कुठं 'आमच्या नदीत असे होत नाही'. दुपार कधी होते याची तो सकाळपासून वाट बघू लागला.

इकडं जोतीरामची दैना झाली होती. त्यानं डोहाचा काठ दोनदा धुंडाळला, पिशवी उलटी केली, केरबाला विचारलं तर तो 'मला काय ठावं' म्हणाला, शेवटी मानसिंगपुढं जाऊन हरवलं म्हणून कबूल केलं. मानसिंग चिडून बोलला नाही. फक्त पेटीला कुलूप घातलं आणि कट्ट्यावर मासिक आणणं बंद केलं. लोकांनी मग जोतीरामला धरलं. कुणी म्हणे, त्यानं विड्या गुंडाळल्या. कुणी म्हणे, रद्दीत घातलं. जोतीराम कट्ट्यावर जायचा थांबला आणि पुन्हा रोज केरबाशेजारी डोहावर येऊन बसू लागला.

केरबाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. कट्टा मोडला, मानसिंग एकटा पडला, जोतीराम परत आला. पण आलेला जोतीराम नुसता पाण्याकडं बघत बसायचा. केरबानं चार शेरांचा शिंगटा काढला तरी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. एकदा तो म्हणाला, "केरबा, मेलेल्या मानसाची आठवन हुती रं ती. माज्या हातनं गेली."

"आसंल कुठंतरी. गावंल," केरबा म्हणाला, आणि त्यानं गळ उगीचच वर काढून परत टाकला.

मासिकाच्या शेवटी-शेवटी एक लेख होता. विजयमालाला तो उलगडायला दोन दुपारी लागल्या. कुणा म्हाताऱ्याला मासिकवाल्यांनी विचारलं होतं, की चाळीस वर्षं गळ टाकलेल्या माणसानं आता मासिक वाचून काय मिळवायचं? म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, की निम्म्याहून जास्त मजकूर मला पान उलटायच्या आधीच ठाऊक असतो. दर साली तेच तेच छापतात. पण माझ्या गावात माझ्याशी या विषयावर भांडेल असं कुणी उरलेलं नाही. मासिक आलं की आठ दिवस मला भांडायला माणूस मिळतो. आणि क्वचित एखादी ओळ अशी निघते की जी मला ठाऊक नव्हती.

 केरबाला त्या म्हाताऱ्याचाही हेवा वाटला. आपल्याला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.

"म्होरं वाच," तो म्हणाला.

पुढं त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की माशाच्या खवल्यावर वळ्या असतात. झाडाच्या बुंध्यातल्यासारख्या. थंडीत मासा वाढत नाही तेव्हा वळ्या दाट पडतात, आणि त्यावरून त्याचं वय कळतं. हे तो साठीला आल्यावर एका मासिकात वाचून शिकला होता.

केरबा पायरीवरून उठला. बैलाचं वय दातांवरून सांगणारा माणूस तो. शेकड्यांनी मासे खरवडले होते, खवलं उडवून दिली होती, पण एकही उन्हात धरून बघितलं नव्हतं. "आपल्याकडं थंडी कुठं एवढी," असं काहीतरी तो पुटपुटला, पण समासात लिही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायरीवर बसला तेव्हा विजयमाला मासिक घेऊन बाहेर आली आणि ते त्याच्यापुढं ठेवून उभी राहिली.

"मामंजी, पानवट्यावर जोतीराममामांची मालकीन भेटली. रडत हुती. त्या पुस्तकापायी मामा दोन दीस जेवलं न्हाईत म्हनली." ती थांबली. "मी उद्यापासनं वाचनार न्हाई."

ती आत गेली. केरबा पायरीवर बसून राहिला. सुनेनं आपल्याला चोर म्हटलं नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

उन्हं उतरल्यावर त्यानं मासिक धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं. आधी तो जोतीरामच्या घरी गेला आणि त्याला नुसतं "चल" म्हणाला. दोघं मानसिंगच्या दारात आले. केरबानं पंचा सोडला.

"जोतीरामनं हरवलं न्हवतं. मी नेलं हुतं, त्यो झोपल्यावर."

मानसिंगनं मासिक घेऊन पान न पान तपासलं. साहेबाच्या पेन्सिलीखाली मराठी अक्षरं दिसली तसा त्याचा चेहरा तापला. "हे कुनी खराब केलं?"

"मी. सुनंच्या हातनं."

मानसिंग काही बोलायला गेला आणि वाचायला लागला. एक पान, दुसरं पान. मरळीच्या ओळीवर तो थांबला. "दुपारची लागती? शेवाळाखाली?"

"व्हय."

"मला तुमी खडकावर बशिवलं हुतं, आण्णा."

"मुद्दाम बशिवलं हुतं," केरबा म्हणाला.

मानसिंगनं मासिक मिटलं.  साहेबाबरोबरही समासातलं असंच चालायचं, तो म्हणाला. साहेब समासात लिहायचा आणि मानसिंगला विचारायचा, तुझ्या गावच्या नदीत काय होतं. त्याला सांगता यायचं नाही. मग त्यानं आत जाऊन दुसरं मासिक आणलं आणि केरबापुढं ठेवलं. "हे न्या. सुनबाईला सांगा, अक्षर बारीक काढ म्हनावं."

केरबानं जोतीरामकडं बघितलं. तो उठून चपला घालत होता. "बावीस वर्सं रं," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला.

पावसाळाभर जोतीराम केरबाशी बोलला नाही. नदी भरून वाहिली, दसरा झाला, पाणी निवळलं. केरबानं तीनदा त्याच्या घरी कालवण पाठवलं. दोनदा ते परत आलं, तिसऱ्यांदा भांडं रिकामं आलं. त्यानंतर जोतीराम डोहावर यायला लागला, पण बसायचा तो केरबा आणि मानसिंगच्या मधे, आणि पिशवी पायाखाली धरून.

मानसिंगच्या भिंगातून तिघांनी खवलं बघितली. वळ्या होत्या. थंडीच्या की उन्हाळ्याच्या, यावर केरबा आणि मानसिंगचं अजून एकमत झालेलं नाही. विजयमालानं पुढच्या तीन सालांत चौदा मासिकं वाचून काढली.

पण केरबाचा हेवा काही गेला नाही. शहात्तर सालच्या मार्गशीर्षात त्यानंच दाखवलेल्या जागेवर मानसिंगला सात शेरांचा खडस लागला. केरबाला उभ्या जन्मात एवढा कधी लागला नव्हता. त्यानं खाली पाण्यात उतरून मासा धरायला मदत केली, जोतीरामबरोबर तो गावात उचलून आणला, कट्ट्यावर मानसिंगचा हात वर करून दाखवला. घरी आल्यावर हरणाबाईनं भाकरी वाढली तर म्हणाला, भूक नाही. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला तो एकटाच त्या जागेवर गळ टाकून बसलेला लोकांनी बघितला, आणि त्यानंतर सलग अकरा दिवस.