दोन वाटे माती

सिलोनला जाण्याआधी मी नागपूरपलीकडचे जग पाहिले नव्हते. गोंदियाजवळच्या एका शाळेत मी मास्तर होतो. निरनिराळ्या देशांतल्या तरुण ग्रामसेवकांसाठी तिकडे सहा आठवड्यांचा वर्ग भरणार होता, आणि शाळेच्या मंडळींनी त्यासाठी माझे नाव पाठवले. वर्ग चैत्रात होता. चैत्र म्हणजे आमच्या गावात पाळीचे दिवस. तलाव आटत आला की तळातला गाळ उपसून तो बांधावर, म्हणजे पाळीवर, टाकायचा. प्रत्येक कर्त्या पुरुषाला पाळीचा एक तुकडा वाटून दिलेला असतो. तलाव बांधणे आणि राखणे आमच्या लोकांच्या हाडातच आहे.

"तू जा," थोरला भाऊ म्हणाला. "तुह्या वाट्याची माती म्या टाकतो. पन काही शिकून ये बाप्पा, नुसता साहेबाचा टोप घालून नोको येऊ."

त्या वर्गाने पहिल्याच दिवशी माझे डोके उठवले. उठायला शिट्टी, जेवायला शिट्टी, गप्प बसून विचार करायचा तरी शिट्टी. ब्रह्मदेशातल्या एका तरुणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मला त्याला नारळीच्या बागेतून न्यायचे होते. याला ते नेतृत्व म्हणत. मी त्याला सरळ झाडावर नेऊन आदळले. कपाळ चोळत त्याने विचारले, "तुमच्या गावात लोकांना असंच चालवता का?" सगळे हसले. जेवणात रोज खोबरेल तेल. रोज वहीत लिहायचे, आज मी स्वतःविषयी काय शिकलो. मी काहीही शिकत नव्हतो, म्हणून रोज काहीतरी रचून लिहीत होतो. खोट्याची सवय तिथेच लागली असे म्हणावेसे वाटते, पण तीही पळवाटच.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गावात स्वतः उभे केलेले काम सांगायचे होते. ब्रह्मी तरुणाने वाचनालय काढले होते. मी काय काढले होते? मी उभा राहिलो आणि पाळ सांगितली. आमचे लोक आळशी, विखुरलेले. मी तरुणांचा गट केला, पाळीचे वाटे पाडले, लोकांना एकत्र काम करायला शिकवले. टाळ्या पडल्या. मुख्य शिक्षक, एक उंच इंग्रज गृहस्थ, माझा हात धरून कितीतरी वेळ हलवत राहिले. त्याच दिवसांत माझा भाऊ उन्हात दोन वाटे माती वाहत होता. बोलताना मला ते आठवत होते. आठवत असूनही मी थांबलो नाही, याची चीड अजून जात नाही.

खोटे समुद्रापलीकडे राहिले असते तर बरे. पुढच्या चैत्रात तेच इंग्रज साहेब मुंबईहून कलकत्त्याला जाताना गोंदियाला उतरले आणि मला न विचारता बैलगाडीने गावात हजर! भाऊ पाळीवर टोपले घेऊन उभा. साहेबांना आमची भाषा येत नव्हती, भावाला त्यांची. मध्ये मी.

"याला विचारा," साहेब म्हणाले, "तुमचा गट होण्याआधी इथं काय होतं?"

गटाचे नाव गाळून मी विचारले, आधी इथे काय होते. भाऊ हसला. "सांग त्याले, आमच्या आज्याच्या आज्यानं बांधली हे पाळ. अन् हा तिकडं शिट्ट्या ऐकून रायला होता तवा याच्या वाट्याची मातीबी म्याच टाकली."

मी साहेबांना सांगितले, "तो म्हणतो, आधी लोक एकत्र येत नसत."

साहेबांनी आनंदाने भावाची पाठ थोपटली. "काऊन एवढा खुश झाला?" भावाने विचारले.

"तुझं काम आवडलं."

"भला मानूस हाये," भाऊ म्हणाला, आणि घरून चिन्नोर तांदळाची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.

जाताना साहेबांनी आमचा फोटो काढला. तो पुढे त्यांच्या मासिकात छापून आला आणि अंक टपालाने घरी आला. खाली इंग्रजीत लिहिले होते, "तरुणांचा नेता, आणि एक मजूर." भावाला वाचता येत नाही. त्याने गोंदियाच्या बाजारातून चौकट करून आणली आणि फोटो ओसरीवर टांगला. पाहुणा आला की दाखवायचा, "हा म्या, हा माहा भाऊ." एकदा काच तडकली तेव्हा मी म्हटले, आता काढून टाक. त्याने नवी काच घातली.

वीस वर्षे अशी गेली. यंदा चैत्रात एका पाहुण्याने विचारले, खाली काय लिहिले आहे? भावाने मला हाक मारली, "मास्तर, वाचून दाखव." तोंडात दुसरे वाक्य तयार होते. पण खाली छापले होते तेच मी वाचले, आणि मग साहेबांना पाळीवर काय सांगितले तेही सांगितले.

भाऊ फोटोकडे पाहत राहिला. "मजूर," तो म्हणाला.

"दादा, मी फार मोठं पाप..."

"पुरे. यंदा दोन वाटे माती तू टाक."

माझी कंबर दुखते, असे मी म्हणालो.

"काऊन? सिलोनले नाही शिकवलं?"

अकरा दिवस मी माती वाहिली. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाने विचारले, "मास्तर, हा कोन्ता वर्ग?" शेवटी भावाने पायाने पाळ दाबून पाहिली. "इथं कच्ची हाये. पुन्हा टाक." संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मी न राहवून विचारले, आता तरी तो फोटो काढू का?

"कायले?" तो म्हणाला. "फोटो चांगला आला हाये."