भुवईतली सहा मिलिमीटर जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई गेली तेव्हा शेवटचे चार दिवस मी तिच्या उशाशी होते, तिलाही नाही. या गोष्टीला वीस वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

तशी मी खोटं बोलणारी बाई नाही. वाळूजला एका कारखान्यात तयार झालेले भाग मोजून पास-नापास करायचं काम करते. मापात बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत, आणि खाली माझी सही. घाई असली, साहेब डोक्यावर उभे असले, तरी लाल पेटीतला तुकडा मी कधी हिरव्या पेटीत टाकला नाही. याचा मला अभिमान आहे. म्हणजे – होता म्हणावं का? तुम्हीच ठरवा.

बजाजनगरच्या आमच्या गल्लीत माझी आणखी एक ओळख होती. वहिनींचा हात हलका. पार्लरला न जाता बायका माझ्याकडे भुवया करून घ्यायच्या. साधा शिवणाचा पांढरा दोरा, थोडी पावडर, खिडकीजवळची खुर्ची, एवढंच लागायचं. मी कुणाकडे शिकले नव्हते. स्वतःच्या पोटरीवरचे केस काढून काढून हात बसवला होता.

यातली एक गोष्ट तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत पीळ देऊन फिरवायचा. म्हणजे करणारीचे दोन्ही हात गुंतलेले, तोंडही बंद. म्हणून कातडी ताणून धरायचं काम समोर बसलेलीचं. एक बोट भुवईच्या वर, एक पापणीवर. बोट सुटलं तर सैल कातडी दोऱ्यात सापडते. त्यामुळं घरी भुवया करणारी प्रत्येक बाई सुरुवातीलाच बजावते – बोट सोडू नको. आणि काही बिघडलंच, तर म्हणायचं वाक्यही तयार असतं – तू बोट सोडलंस.

सुनंदा माझी धाकटी नणंद. कन्नडजवळच्या गावाहून बारावीनंतर आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सासूबाईही इथंच होत्या. दोन खोल्या, चार माणसं. सुनंदा माझ्या मागं मागं असायची. वहिनी हे कसं करू, वहिनी ते कुठंय. भाकरी माझ्याकडून शिकली, वेणी माझ्यासारखी घालायची. माझं तिच्याशी काही वाकडं होतं का? नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा तपासलंय. नव्हतं.

तिच्या भुवया दाट होत्या. काळ्याभोर आणि रेखीव. माझ्या – आहेत म्हणायच्या इतक्याच. मला बघायला आले होते तेव्हा सासूबाई माझ्या आईसमोरच म्हणाल्या होत्या, "रंग चालंल, पण पोरीला भुवयाच नायत की." ते मी विसरले होते. निदान विसरले असं समजत होते.

सुनंदाला बघायला कन्नडचीच माणसं येणार होती. रविवारी दुपारी. पहिलंच स्थळ, आणि मुलगा तिला मनातून आवडलेला होता, कारण लग्नाकार्यात तिनं त्याला दोनदा पाहिलं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी ती खुर्चीत बसली. शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या. सासूबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या, "करून काय करायच्यात? आमच्या सुनंदाच्या भुवया देवानंच काढल्यात. हिच्या वहिनीवानी पेन्सिल घिऊन आरशापुढं बसायची पाळी नाय तिच्यावर." दारातल्या दोघी हसल्या. सुनंदा हसली नाही. ती म्हणाली, "आई, गप की गं," आणि दोन बोटं लावून डोळे मिटले.

उजवी भुवई मी व्यवस्थित केली. इतकी चांगली मी कुणाचीच केली नसेल.

डावीला हात लावला तेव्हा दोरा मधोमध गेला. काठाला नाही, ऐन मधे. एक रेघ केस गेले. हे चुकून झालं असं म्हणता आलं असतं. पण मी दोरा पुन्हा तिथंच नेला. आणि मग तिसऱ्यांदा. एकदा चुकून होतं – तीनदा चुकून कसं होईल? दोरा कुठं लागतोय ते मला दिसत होतं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. तिसऱ्या वेळी कातडी फाटली आणि रक्त आलं.

सुनंदा कळवळली. तोवर तिनं तोंडातून आवाजही काढला नव्हता. तिची दोन्ही बोटं जिथं होती तिथंच होती – दाबून दाबून टोकं पांढरी पडलेली. मी दातातला दोरा काढला आणि म्हणाले, "तू बोट सोडलंस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडं. आणि म्हणाली, "व्हय का वहिनी? सुटलं असंल."

तिनं स्वतःवर अविश्वास दाखवला, माझ्यावर नाही. त्या क्षणी मी खरं बोलू शकत होते. दारातल्या दोघी आत आल्या, सासूबाई उठल्या. "एवढं एक बोट धरून ठिवता येईना? उद्या संसार काय धरशील!" मी जखमेवर हळद दाबत राहिले. 

रविवारी ती सुजलेली भुवई घेऊनच पाहुण्यांपुढं बसली. आठ दिवसांनी नकार आला. कारण भुवई होती की दुसरं काही, मला माहीत नाही. जखम चिघळली. छावणीतल्या डॉक्टरांकडं तीन चकरा झाल्या. व्रण भरला, पण तिथं केस परत उगवले नाहीत. सहा मिलिमीटर. मी पट्टी लावली नाही, पण आयुष्य मोजण्यात गेलंय, मला नजरेनं कळतं.

पुढं तिचं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. पण त्यानं काय होतं? घरात ती "बोट सोडणारी" झाली ती झालीच. दूध उतू गेलं की, गाडी शिकताना पडली की – "सुनंदाच ती." सुनंदाही हसत तेच सांगायची. शिवणाचा क्लास तिनं अर्ध्यात सोडला. म्हणाली, माझा हात कुठं ठरतो, वहिनी.

गेल्या महिन्यात ती तिच्या मुलीला, आरतीला घेऊन आली. आरती सोळाची. कॉलेजात गॅदरिंग होतं. "पार्लर नको, तुमच्याच हातानं करा," सुनंदा म्हणाली. मी तिला म्हटलं, तू धर कातडी, पोरगी नवी आहे. ती दोन पावलं मागं सरकली. "नको बाई. माझ्यानं सुटतं."

मग आरतीनंच धरलं. पोरगी चुळबुळी. मधेच खोकली, मधेच हसली. झाल्यावर आरशात बघत म्हणाली, "मामी, माझं बोट दोनदा सुटलं, तरी काहीच नाही झालं की! नुसतं चिमटल्यासारखं झालं. मग मम्मीचं एवढं कसं कापलं?"

खोलीत आम्ही तिघीच. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. नवरा ड्यूटीवर. कुणाची भीती नव्हती, कुणी हसणार नव्हतं. सुनंदा माझ्याकडं बघत होती. रागानं नाही – उत्तर ऐकायला.

मी दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "तुझ्या मम्मीची कातडी नाजूक होती."

"व्हय," सुनंदा म्हणाली, "माझी कातडी पयल्यापासून तशीच." आणि चहा ठेवायला उठली.

पहिल्या खेपेला मी तिशीच्या आत होते, डोक्यात राग होता. या खेपेला मी सत्तेचाळीसची, आणि डोक्यात काहीच नव्हतं. तरी तेच केलं.

सुनंदा रोज सकाळी काळ्या पेन्सिलनं ती जागा भरते. पेन्सिल घेऊन आरशापुढं बसते. तिनं बोट सोडलं नव्हतं.