सात नंबरचा कॅलरीमापी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फुटक्या परीक्षानळ्या फेकायच्या राहून जातात आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात, तसं माझं होतं. नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत फिजिक्स शिकवत होते. लॅबमध्ये आम्ही दोघंच, मी आणि लॅब असिस्टंट सुपडूभाऊ. मूळचे अमळनेरकडचे, रिटायरमेंटला आलेले. बोलणं निम्मं अहिराणी.

*

एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो त्याचा विशिष्ट उष्मा. तांब्याचा ०.०९. एका मुलाने वहीत नुसतं तेवढंच लिहिलं.

"काय ०.०९? लिटर? डझन?"

"उत्तर बरोबर आहे ना, बाई?"

"दुकानात जाऊन नुसतं 'नऊ द्या' म्हण. बघ काय मिळतं."

मग नवीन पुस्तक आलं. ग्रॅमचा किलो झाला, कॅलरीचा ज्यूल झाला आणि ०.०९ चे झाले तीनशे पंच्याऐंशी. सुपडूभाऊ फळा पुसता पुसता थांबले. "तांबं तेच ना बाई? मग भाव इतका कसा वाढना?"

*

सुनंदाचे वडील पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. मी विचारलं, पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त म्हणजे काय?

"बाबा म्हणतात, पाण्याला राग उशिरा येतो. पण आला की लवकर जात नाही."

मी तेच फळ्यावर लिहून टाकलं. सुपडूभाऊ मागून हळूच म्हणाले, "आमची मंडळी अशीच होती." त्यांची बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

*

आता चहाचं सांगते. मी उधन्याला एका खोलीत एकटी राहायचे. लग्न झालं नव्हतं, भाऊ-वहिनी नाशिकला. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कोणी अवाक्षर बोलायचं नाही. रविवार तर खायला उठायचा. माझा चहा कोणी झाकून ठेवेल असं घर मला नव्हतं.

प्रॅक्टिकल मधल्या सुट्टीतही चालायचं. मी स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत चहा निवलेला असायचा. एक दिवस सुपडूभाऊंनी कपाटातून सात नंबरचा कॅलरीमापी काढला. तांब्याचं भांडं, बाहेर लाकडी पेटी, मध्ये लोकरीचं अस्तर. झाकणाच्या भोकात थर्मामीटर खोचलेला.

"बासष्ट डिग्री शे, बाई. पी ल्या."

आत आल्याचा चहा होता. मी ओरडले, "अहो, तांब्याच्या भांड्यात चहा?"

"कल्हई करी लेलीय," ते म्हणाले. शाळेच्या कॅलरीमापीला दारावरच्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून रोज चहा तिथेच. कधी साठ डिग्री, कधी बासष्ट.

*

सुपडूभाऊंचा हात थरथरायचा. रोज थोडा चहा अस्तरावर सांडायचा. ओल्या अस्तरातून उष्णता पळते, म्हणून सात नंबरवर तांब्याचं उत्तर ०.०७ च्या वर जाईना (प्रॅक्टिकलला आम्ही अजून जुनंच एकक वापरायचो). हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांचं तोंडच उतरलं. "मग बंद करू का?"

"मुलं बाकीच्या नऊवर करतील," मी म्हटलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका सातच उचलला. उत्तर ०.०७. मग त्यांनी पेटीला नाक लावलं. "लॅबमध्ये आल्याचा वास?"

"प्रयोग चालू आहे, सर."

साहेब गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "सात नंबर भंगारात काढा." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अजून एक वर्ष वापरण्याजोगा.' पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. शिक्षक असून असं खोटं मी दुसरं कुठे लिहिलं नाही.

*

सुपडूभाऊ रिटायर झाले आणि मुलाकडे अमळनेरला गेले. जाताना सात नंबर चिंचेने घासून कपाटात ठेवला. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. सुट्टीत मी लॅबमध्येच बसून राहायचे.

पुढच्या तपासणीला तेच साहेब. हट्टाने सातच मागितला. मुलीने तांब्याचा तापलेला गोळा पाण्यात सोडला, ढवळलं, थर्मामीटर वाचला, गणित मांडलं. उत्तर आलं ०.०९, पुढे एककही व्यवस्थित लिहिलेलं.

साहेबांनी पेटीचा वास घेतला आणि मान डोलावली. मुख्याध्यापक इतके खूश झाले की सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांनी दुरुस्त झाला! काय केलंत?"

"काही नाही, सर," मी म्हटलं. "अस्तर वाळलं."