आईची ज्वारी आणि टू-वे अ‍ॅनोव्हा

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी प्रयोग घरच्याच शेतात लावला, तलवाड्याजवळ. एकीकडं विद्यापीठाची नवी ज्वारी, दुसरीकडं आईची. आई दरसाल टपोरी कणसं निवडून, राख चोळून बी जपायची. पेरणीच्या वेळी माझी परीक्षा होती, म्हणून ते काम वडिलांनी उरकलं.

कापणी झाली, वजनं झाली, मी संख्याशास्त्रातला वन-वे अ‍ॅनोव्हा लावला. त्याला एकच विचारता येतं : वाण बदलल्यानं उत्पन्नात फरक पडला, की हा नुसता योगायोग? फरक होता, अन् चांगलाच. नवी ज्वारी पार पुढं.

"झालं तर मग," वडील म्हणाले. "घरचं बी दळून आना."

आईचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. पण मला शंका आली.

"आप्पा, कोणतं बी कुठं पेरलंतं?"

"नवं हिरीजवळ, काळ्या रानात. पाव्हणं बी हाय, त्याला मुरमाडात कावून टाकावं?"

"अन् आईचं?"

"मुरमाडात. घरचंच हाय की, घेतंय भागवून."

कपाळच बडवून घेतलं मी! आता फरक बियाण्याचा की जमिनीचा, हे कोण सांगणार? दोन्ही एकदम तपासायचे तर टू-वे अ‍ॅनोव्हा लागतो, अन् त्यासाठी दोन्ही वाण दोन्ही रानांत हवेत. प्रबंध वर्षभर लांबला. वडिलांशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. आईच्या बियाण्याची गिरणी मात्र तेवढी टळली.

पुढच्या रब्बीत पेरणीला मी स्वतः उभी राहिले. दोन्ही रानांत कोणत्या पट्टीत कोणतं बी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. टू-वेचं उत्तर आलं तेव्हा मला लई आनंद झाला : काळ्या रानात नवी ज्वारी सरस, मुरमाडात आईची. कोणती चांगली, हे जमीन विचारल्याशिवाय सांगताच येत नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना मी दोघांना हे समजावून सांगितलं.

"म्हंजी मुरमाडात माझंच बी?" आईनं विचारलं.

"व्हय, तुझंच," वडील म्हणाले.

"मग ते मुरमाड माझ्या नावावर करा."

वडील खो खो हसले. मलाही हसू आलं.

"हसताय कावून?" आई म्हणाली. "सातबाऱ्यावर म्हनते मी."