क्लच नसलेली गाडी

डाळिंबाच्या रसासारखं तांबडं, पातळ तेल आणि त्याचा गोडसर, किंचित करपलेला गंध. माघ सरत आला होता. लालबागच्या गॅरेजच्या दारातून सकाळचं कोवळं ऊन आत पसरलं होतं, शेजारच्या गिरणीतून सुटलेले कापसाचे तंतू त्या उन्हात अलगद तरंगत होते, आणि आमच्या जुन्या अमेरिकन गाडीखालून ह्यांचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी गिरगावच्या भिंती भरून गेल्या होत्या ते दिवस. पण त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी हा तेलाचा गंध येतो.

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. आदल्या पावसाळ्यात परळच्या एका चाळीच्या ओल्या जिन्यावरून पडले आणि डावा गुडघा आखडला तो आखडलाच. चालता येई, पण क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली ती गाडी तेव्हापासून हेच चालवू लागले. हे गिरणीत इंजिनिअर. कामावर जाण्याआधी आणि परतल्यावर मला पेशंटकडे नेत. गिरगाव ते परळ एवढाच आमचा निवांत संसार. सासूबाईंचा खोकला, महागलेला गूळ, चौपाटीवरची सभा, सगळं त्या वाटेवर बोलून व्हायचं.

एके दिवशी हे म्हणाले, "वसू, क्लचच काढून टाकू या."

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे त्याच कंपनीची, थोडी नवी गाडी ह्यांनी पाहिली होती. झाड पडून तिचं तोंड चेपलं होतं, पण आपोआप गिअर बदलणारा तिचा गिअरबॉक्स धडधाकट होता. "इंजिनांचं कूळ एकच आहे. पत्रिका जुळते," हे हसून म्हणाले. गॅरेजचे मालक, ह्यांचे शाळासोबती सालवी, मालवणचे. मी शंका काढली तर म्हणाले, "वैनी, बसतलो तो! जातलो खंय?"

बसायला त्याने कित्येक रविवार घेतले. क्लचच्या जागी त्या तांबड्या तेलाने भरलेलं गोल भांडं आलं. गिअरबॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी मागे सरकवावी लागली. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून चाकांकडे फिरकी नेणारा दांडा कापून आखूड केला. पहिल्या फेरीत गाडी हिवतापाच्या रोग्यासारखी थडथडली. दांडा पुन्हा उतरवला, पुन्हा तोलला. अखेर क्लचचं पेडल निघालं आणि त्याच्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसला.

चौपाटीच्या रस्त्यावर मी गाडी चालवली, तेव्हा समुद्रावर संध्याकाळ उतरत होती. मध्येच श्वास घेतल्यासारखी गाडी क्षणभर थबके आणि आपली आपणच पुढच्या गिअरमध्ये जाई. माझा डावा पाय कित्येक महिन्यांनी निश्चिंत होता. हे शेजारून म्हणाले, "आता तुझं कुणावाचून अडणार नाही." मी लहान मुलीसारखी हसले.

दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "उद्या आमची तुकडी सत्याग्रहाला जातेय."

"नाव कधी दिलंत?"

"कुर्ल्याला गेलो ना, त्याच्या आदल्या दिवशी."

मी बशी खाली ठेवली. म्हणजे ते सगळे रविवार! "आणि मला आत्ता सांगताय? नोकरी गेली म्हणजे?"

"जाईलही. पण तू घरात अडकून पडशील, एवढंच मनातून जात नव्हतं गं."

रागारागातच मी त्यांची पिशवी भरली.

ते तुरुंगात असतानाच हरताळ झाला. वरळीच्या बीडीडी चाळीतून एक गृहस्थ चालत गिरगावात आले. "बाई, बायको अडलीय. सुईण म्हणते, डॉक्टरच आणा." त्यांना शेजारी बसवून निघाले. वाटेत दगड रचलेले, माणसं आडवी आली. "गाडी बंद करा!" मग कुणाला तरी माझी बॅग दिसली. "अरे, डॉक्टरीणबाई आहेत! दगड बाजूला घ्या रे!" दुपारी मुलगी झाली, काळीसावळी, खणखणीत रडणारी. परतताना रस्ते निर्मनुष्य होते आणि शेजारची जागा रिकामी. ती मुलगी कशी रडली हे सांगायला गाडीत कुणी नव्हतं, आणि माझा राग कधी विरला ते कळलं नाही.

सुटकेच्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी गाडी उभी केली. हे वाळून बाहेर आले. सवयीने उजव्या दाराकडे वळले, मला तिथे बसलेली पाहून थांबले.

"चालवता?"

"नको. तूच चालव." आणि ते डावीकडे येऊन बसले.

शीव मागे पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक वळणावर, पुढे बैलगाडी आली की, त्यांचा डावा पाय गाडीच्या तळाशी हलकेच दाबला जात होता. ज्यांनी आपल्या हातांनी ते पेडल काढलं, त्यांचाच पाय माझ्यासाठी अजून ते शोधत होता. परळहून सरळ गिरगावचा रस्ता धरायचा, तो सोडून गाडी वरळीच्या समुद्राकडे घेतली. ती मुलगी कशी रडली हे सांगायला एवढी लांबची वाट तरी हवीच होती.